किल्ली किती बिटांची? पीएचपीमध्ये एन्क्रिप्शनच्या किल्लीची लांबी कशी शोधायची

(अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. फंक्शनांची नावे उच्चारानुसार दिली आहेत. प्रत्यक्ष लिहिताना शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर येतो.)

आजचा विषय नुसता नावावरून रुक्ष वाटेल. पण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतात, म्हणून तो मुद्दाम घेतला. आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो आशियातला पहिला म्हणून ओळखला जातो. त्यामागोमाग दूध संघ, पतसंस्था, शिक्षणसंस्था आल्या. या सगळ्यांच्या सभासदांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती आज कुठेतरी एका सर्व्हरवर पडून आहेत, आणि त्यातला मोठा भाग पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेला असतो. वर्डप्रेस पीएचपी, मूडल पीएचपी. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसाठी खुली केलेली ही भाषा अजून पाय रोवून उभी आहे.

तर समजा, एका पतसंस्थेचे सचिव त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारतात, "आपला डेटा सुरक्षित आहे ना?" तो म्हणतो, "साहेब, एईएस-२५६ आहे, बँकेसारखं." सचिव निर्धास्त होतात. आज आपण हे बघायचं की या वाक्यातले २५६ खरे आहेत का, हे तपासायचं कसं. आणि पीएचपीला विचारलं तर ती आपल्याला नेमकं काय सांगते, आणि काय सांगत नाही.

आधी लांबी म्हणजे काय ते एका मिनिटात. प्रवासी बॅगेला तीन आकड्यांचं कुलूप असतं. ०००पासून ९९९पर्यंत एक हजार शक्यता. चिकाटीचा माणूस एसटी नगरहून पुण्याला पोचायच्या आत ते उघडेल. एन्क्रिप्शनची किल्ली तशीच, फक्त प्रत्येक चाकावर दहाऐवजी दोनच आकडे, शून्य आणि एक. एक चाक म्हणजे एक बिट. एक बिट वाढला की शक्यता दुप्पट. ४० बिट म्हणजे साधारण १ लाख १० हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण सेकंदाला एक कोटी किल्ल्या लावून बघणारा एकच संगणक त्या सगळ्या ३० तासांत संपवतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९९७च्या जानेवारीत बर्कले विद्यापीठातल्या इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे अडीचशे संगणक जोडून ४० बिटांची किल्ली साडेतीन तासांत शोधून दाखवली. पुढच्याच वर्षी ५६ बिटांचं डीईएस, जे अमेरिकन सरकारचं अधिकृत मानक होतं, ते खास बनवलेल्या एका यंत्राने ५६ तासांत फोडलं.

आणि गंमत बघा. आपल्याकडे इंटरनेट सेवेच्या परवान्यात तेव्हा अट होती की ४० बिटांपर्यंतच्या किल्लीला परवानगी लागणार नाही, त्यापेक्षा मोठी वापरायची तर दूरसंचार खात्याला विचारा. म्हणजे फुटल्याचं जगाने पाहिलेलं कुलूप विनापरवाना, आणि चांगल्या कुलपाला अर्ज! दुसरीकडे २००१च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांचं एसएसएल सुचवलं. एकाच देशात दोन खाती, दोन आकडे. २०१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. त्यात मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवा अशी अट होती. आरडाओरडा झाला आणि मसुदा दोन-तीन दिवसांत मागे घेतला. या धोरणाच्या गोंधळात आज शिरत नाही, ते वेगळं व्याख्यान होईल. सांगायचं एवढंच की किल्लीची लांबी हा केवळ प्रोग्रामरच्या आवडीनिवडीचा प्रश्न कधीच नव्हता.

१२८ बिटांचं काय? शंभर कोटी संगणक घ्या, प्रत्येकाने सेकंदाला शंभर कोटी किल्ल्या लावाव्यात. तरी सगळ्या शक्यता तपासायला सुमारे दहा लाख कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे. तेव्हा १२८च्या पुढे मोजून फोडण्याची भाषाच संपते. तरीही डेटा फुटतो. का फुटतो, तिकडेच आपण चाललोय.

आता पीएचपी. जुन्या पीएचपीमध्ये एमक्रिप्ट नावाचं एक्स्टेन्शन होतं. त्यात किल्लीची लांबी विचारायला सरळ फंक्शन होतं, एमक्रिप्ट गेट की साइझ. त्याला पद्धतीचं नाव द्यायचं, ते आकडा परत द्यायचं. समजा आकडा आला ३२. इथे पहिला खड्डा. हे ३२ बिट नव्हेत, बाइट आहेत. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे २५६ बिट. ३२ बघून "अरे, ही तर फारच लहान" म्हणून घाबरणारे आम्ही पाहिलेत, आणि २५६ हा आकडा बाइट समजून २५६ अक्षरांची किल्ली कोंबणारेही पाहिलेत.

दुसरा खड्डा त्याच फंक्शनमध्ये. ते सांगायचं फक्त कमाल लांबी. ब्लोफिश या पद्धतीला विचारलं तर उत्तर ५६ बाइट. पण ब्लोफिशमध्ये तुम्ही त्याहून कितीतरी लहान किल्लीही देऊ शकता, आणि लोक देत. कोणकोणत्या लांब्या चालतात ते सांगणारं वेगळं फंक्शन होतं, सपोर्टेड की साइझेस असं नावात असलेलं. रिंडालसाठी त्याचं उत्तर १६, २४, ३२. आणि जिथे एकपासून कमालपर्यंत काहीही चालतं, तिथे ते रिकामी यादी द्यायचं! रिकामी यादी म्हणजे "काहीच चालत नाही" नव्हे, "सगळं चालतं". नवशिक्याने काय समजायचं?

तिसरा खड्डा सगळ्यात खोल, आणि जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे कान द्या. बेल्जियमच्या योआन डामन आणि व्हिन्सेंट राइमन यांची रिंडाल ही पद्धत २००१ मध्ये एईएस या नावाने मानक झाली. मूळ रिंडालमध्ये दोन वेगळी मापं बदलता येतात: किल्लीची लांबी आणि ब्लॉकची लांबी, म्हणजे एका घासात किती मजकूर घ्यायचा ते. एईएसमध्ये ब्लॉक कायम १२८ बिटांचाच. किल्ली मात्र १२८, १९२ किंवा २५६. आता एमक्रिप्टमध्ये एक नाव होतं, रिंडाल-२५६. कोणालाही वाटेल हेच एईएस-२५६. नाही! तिथले २५६ ब्लॉकचे होते. खरं एईएस-२५६ हवं असेल तर नाव रिंडाल-१२८ घ्यायचं आणि किल्ली ३२ बाइटची द्यायची. नावात १२८, काम २५६चं. नावात २५६, आणि ते एईएसच नाही.

याचा त्रास आज कुठे होतो? एमक्रिप्टच्या मुळाशी असलेली लायब्ररी २००७ नंतर कोणी सांभाळलीच नाही. म्हणून पीएचपी ७.१ने ती कालबाह्य ठरवली आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ७.२मधून काढून टाकली. तिच्या जागी सगळे ओपनएसएसएलकडे वळले. पण ओपनएसएसएलमध्ये २५६ बिटांच्या ब्लॉकचं रिंडाल नाहीच. म्हणजे कोणी दहा वर्षांपूर्वी सभासदांची खाती रिंडाल-२५६ने बंद करून ठेवली असतील आणि सर्व्हर नवा केला, तर किल्ली हातात असून कुलूप उघडत नाही. बॅकअप आहे, किल्ली आहे, वाचता येत नाही. ज्यांच्याकडे असा डेटा आहे त्यांनी जुना सर्व्हर बंद करण्याआधी त्यावरच तो उलगडून घ्यावा आणि नव्या पद्धतीने पुन्हा बंद करावा. हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका, कारण जुन्या सर्व्हरची हार्ड डिस्क तुमचं वेळापत्रक पाळत नाही.

आता नव्या पीएचपीत किल्लीची लांबी कशी विचारायची? बरीच वर्षं याला उत्तरच नव्हतं. आरंभीच्या यादृच्छिक तुकड्याची, ज्याला आयव्ही म्हणतात, त्याची लांबी विचारायला ओपनएसएसएल सायफर आयव्ही लेंथ हे फंक्शन २०१०पासून आहे. किल्लीसाठी मात्र लोक पद्धतीच्या नावातला आकडा बघून त्याला आठने भागायचे. शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पीएचपी ८.२मध्ये ओपनएसएसएल सायफर की लेंथ आलं. एईएस-२५६-सीबीसी असं नाव द्या, उत्तर ३२. एईएस-१२८ला १६. ट्रिपल डीईएसला २४. सगळं बाइटमध्ये.

ट्रिपल डीईएसपाशी जरा थांबू. २४ बाइट म्हणजे १९२ बिट. पण डीईएसच्या प्रत्येक आठ बिटांतला एक बिट फक्त तपासणीसाठी असतो, म्हणून उरले १६८. त्यातही या पद्धतीवर दोन्ही टोकांनी चालत येऊन मध्ये भेटण्याचा एक हल्ला आहे, त्यामुळे प्रत्यक्ष ताकद धरतात ११२ बिट. १९२, १६८, ११२, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. जाहिरातीत कुठला छापतात हे सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. हे फंक्शन सांगतं ते कुलपाला किती लांबीची किल्ली लागते ते. तुम्ही त्यात काय खुपसलंय ते ते बघत नाही. आणि पीएचपीचं एन्क्रिप्ट करणारं फंक्शन फार सोशिक आहे. किल्ली आखूड असली तर ते गुपचूप पुढे शून्य बाइट भरून लांबी पुरी करतं. किल्ली जास्त लांब असली तर जादा भाग गुपचूप कापून टाकतं. ना एरर, ना वॉर्निंग.

उदाहरण घेऊ. समजा एकाने एईएस-२५६ची किल्ली म्हणून जिल्ह्याचं नाव टाकलं. जुनं नाव, अहमदनगर. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अ, ह, म, द, न, ग, र ही सात चिन्हं, २१ बाइट. उरलेले ११ बाइट पीएचपीने शून्याने भरले. पुढे नाव बदललं, म्हणून त्याने हौसेने किल्लीही बदलली, अहिल्यानगर. आता मोजा: अ, ह, वेलांटी, ल, पाय मोडण्याचं चिन्ह, य, काना, न, ग, र. दहा चिन्हं, ३० बाइट. तोंडाने म्हणताना अक्षरं सहाच, पण स्ट्रलेन हे फंक्शन ३० सांगणार, कारण ते अक्षरं नाही, बाइट मोजतं. दोन बाइट कमी पडले, तेही शून्याने भरले.

मग कोणीतरी म्हणालं, "किल्लीत आकडे पण पाहिजेत." म्हणून त्याने पुढे इंग्रजी आकड्यांत १२३४ लावलं. इंग्रजी आकडा एक बाइटचा. तीस आणि चार, चौतीस. पीएचपीने बत्तीसवर कात्री लावली, ३ आणि ४ गेले. आता शाखा क्रमांक दोनसाठी त्याने १२९९ लावलं असेल, तर दोन्ही शाखांची किल्ली एकच झाली! दोघांनाही पत्ता नाही, कारण दोन्हीकडे सगळं व्यवस्थित बंद होतंय आणि उघडतंय. हाच शब्द एईएस-१२८ला दिलात तर सोळा बाइटवर कात्री चालते, आणि ती बरोबर य या चिन्हाच्या मधोमध पडते. पंधरा बाइटमध्ये "अहिल्"पर्यंत येतं, सोळावा बाइट म्हणजे यचा तिसरा हिस्सा.

बरं, हे झालं हौशी माणसाचं. जाणकारही फसतो ती जागा वेगळी. तो नीट ३२ यादृच्छिक बाइट तयार करतो. पण ते बाइट फाइलमध्ये दिसायला वेडेवाकडे असतात, म्हणून तो त्यांचं हेक्समध्ये रूपांतर करून ठेवतो. ३२ बाइटची ६४ अक्षरं झाली. वापरताना परत बाइटमध्ये आणायला विसरला आणि ती ६४ अक्षरंच किल्ली म्हणून दिली. पीएचपीने पहिली ३२ ठेवली, बाकी टाकली. हेक्सच्या एका अक्षरात फक्त चार बिट असतात. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. कागदावर २५६, हातात १२८. ही चूक त्यातल्या त्यात सौम्य, कारण १२८ आजही पुरेसे आहेत. पण हाच प्रकार सोळा बाइटच्या कुलपात झाला तर उरतात ६४, आणि ते पुरेसे नाहीत.

याहून वाईट म्हणजे मोबाइल नंबर किल्ली म्हणून वापरणं. दहा आकडे, पुढे शून्यं भरलेली, लांबी विचारली तर ३२ बाइट, अगदी शास्त्रशुद्ध. पण भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो. एकूण शक्यता ४०० कोटी, म्हणजे ३२ बिटांपेक्षाही किंचित कमी. मघाचा तो सेकंदाला कोटी किल्ल्या लावणारा संगणक सात मिनिटांच्या आत काम संपवेल. पारनेरहून आलेले लोक बाहेर चहा घेऊन परत येईपर्यंत!

इथे आपल्याच भुईकोट किल्ल्याची आठवण होते. १५९५-९६च्या वेढ्यात मोगलांनी तटाची जाडी मोजत बसण्यापेक्षा तटाखाली सुरुंग पेरले. खिंडार पडलं, आणि चांदबीबीने ते रातोरात बुजवून घेतलं. एईएसचा तट कोणी समोरून पाडत नाही, किल्ली जिथे तयार होते आणि जिथे ठेवली जाते तिथे सुरुंग लागतो.

मग करायचं काय? किल्ली माणसाने सुचवायचीच नाही. पीएचपी ७पासून रँडम बाइट्स हे फंक्शन आहे, त्याला ३२ आकडा द्या, ते ३२ खरोखर यादृच्छिक बाइट देतं. वापरण्याआधी स्ट्रलेनने लांबी तपासा आणि ती हव्या तेवढी नसेल तर कार्यक्रम तिथेच थांबवा. पीएचपी सोशिक आहे, तुम्ही नका होऊ. पासवर्डवरूनच किल्ली बनवायची वेळ आली तर पासवर्ड थेट देऊ नका, सोडियममधल्या पीडब्ल्यूहॅशसारख्या मुद्दाम संथ फंक्शनमधून काढा. आणि किल्ली वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. हे शेवटचं प्रत्येक व्याख्यानात सांगावं लागतं.

नवीन काम सुरू करत असाल तर आमचं मत असं की ओपनएसएसएलपेक्षा सोडियम घ्या. ते ७.२पासून पीएचपीबरोबरच येतं. तिथे किल्लीची लांबी स्थिरांक म्हणूनच दिलेली आहे, सीक्रेटबॉक्ससाठी ३२ बाइट, आणि ३१ किंवा ३३ बाइट दिलेत तर ते सरळ एक्सेप्शन फेकतं. हा खडूसपणाच हवा.

आता दुसऱ्या जातीच्या किल्ल्या, जोडीने येणाऱ्या, एक खासगी आणि एक सार्वजनिक. तुम्ही डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढता त्यावर हीच जोडी काम करते. नीट लक्षात घ्या, सातबारा लपवलेला नसतो, तो कोणीही वाचू शकतो. खासगी किल्लीने त्यावर सही होते आणि सार्वजनिक किल्लीने ती पडताळता येते. अशा किल्लीची लांबी पीएचपीत शोधायची तर प्रमाणपत्रातून सार्वजनिक किल्ली काढायची आणि ती ओपनएसएसएल पीकी गेट डिटेल्स या फंक्शनला द्यायची. ते एक यादी देतं, त्यात बिट्स नावाचा रकाना असतो. आरएसए असेल तर तिथे बहुधा २०४८ दिसेल. आणि हो, इथे उत्तर बिटमध्ये आहे! एकाच भाषेत, एकाच एक्स्टेन्शनमध्ये, एक फंक्शन बाइटमध्ये बोलतं आणि दुसरं बिटमध्ये.

२०४८ बघून ते २५६च्या आठपट मजबूत समजू नका. आरएसए फोडणारा एकेक किल्ली लावून बघत नाही, तो एका मोठ्या संख्येचे अवयव पाडतो, आणि ते काम बरंच स्वस्त आहे. २०२० मध्ये ८२९ बिटांच्या आरएसए संख्येचे अवयव पाडले गेले. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या हिशोबाने आरएसए २०४८ची ताकद एईएसच्या भाषेत सुमारे ११२ बिट, ३०७२ची १२८. लंबवर्तुळी वक्रांची २५६ बिटांची किल्लीही १२८च्याच तोलाची. तेव्हा आकडा सांगताना जात सांगा. नुसतं "२५६ बिट" हे नुसतं "पाच पोती" म्हटल्यासारखं आहे, कांद्याची की सिमेंटची ते कळलं पाहिजे.

दोन्ही जाती एकत्र कशा नांदतात ते रेशन दुकानात बघा. अकोल्याच्या एखाद्या वाडीत आजी यंत्रावर अंगठा ठेवते. आधारच्या नियमांनुसार तो तपशील त्या वेळेपुरत्या बनवलेल्या २५६ बिटांच्या एईएस किल्लीने बंद होतो, आणि ती छोटी किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या आरएसए सार्वजनिक किल्लीने बंद होऊन सोबत जाते. मोठा ऐवज झटपट कुलपात, आणि त्या कुलपाची किल्ली दुसऱ्या, सावकाश चालणाऱ्या पेटीत.

शेवटी सभागृहातून आलेले दोन प्रश्न. एका ताईंनी विचारलं, संस्थेत प्रोग्रामर नाही, आम्ही सॉफ्टवेअरवाल्याला नेमकं काय विचारायचं? लिहून घ्या. पीएचपीची आवृत्ती कोणती? एमक्रिप्ट कुठे उरलंय का? किल्ली कशी तयार केली, कोणत्या फंक्शनने? तिची बाइटमध्ये लांबी किती, आणि ती कुठे ठेवलीय? उत्तर लेखी मागा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि जबाबदारी डेटा वापरणाऱ्या संस्थेची आहे, ठेकेदाराकडे बोट दाखवून ती सुटत नाही.

दुसरा प्रश्न, क्वांटम संगणक आले की काय? एईएस-२५६ला फारसा धक्का नाही, सर्वांत वाईट अंदाजानेही त्याची ताकद निम्मी, म्हणजे १२८ बिट उरते. आरएसए आणि वक्रांचं मात्र खरं नाही, पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर दोन्ही पडतील. म्हणून निस्टने २०२४ च्या ऑगस्टमध्ये नवी मानकं जाहीर केली. त्यातल्या एमएल-केईएम-७६८ या प्रकारात सार्वजनिक किल्लीच ११८४ बाइटची आहे. बाइटची बरं का, बिटांची नाही. डेटाबेसमध्ये किल्लीसाठी २५५ अक्षरांचा रकाना ठेवलेला असेल तर तो आत्ताच मोठा करून ठेवा.